अ‍ॅडमिरल नंदा : कराची बंदर ज्यांच्या पायाखालचं होतं

पऱ्हाटीवाला | २ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, जिल्हा वर्धा. सध्या गावात दोनच गोष्टी सुरू आहेत, कापसाची वेचाई आणि भरतीची तयारी. पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर पोट्टे धावायला निघतात. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, अंगावर स्वेटर नाही, कोणाच्या तरी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलेलं. सोळाशे मीटर. त्यातल्या चौघांनी यंदा नौदलाचा फॉर्म भरलाय. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत मी त्यांचं गणित-इंग्रजी घेतो. या चौघांपैकी एकानंही अजून समुद्र पाहिलेला नाही.

मागच्या आठवड्यात त्यातला एक म्हणाला, "सर, नेव्हीतल्या एखाद्या मोठ्या माणसाबद्दल सांगा न. पण लढाईचंच नका सांगू, तो मोठा कसा झाला ते सांगा." दोन दिवस हा प्रश्न डोक्यात होता. परवा ४ डिसेंबर, नौदल दिन. त्या दिवशी त्यांना अ‍ॅडमिरल नंदांबद्दल सांगायचं ठरवलंय. जे सांगणार आहे ते आधी इथं मांडतो. चुकत असेल तर हक्कानं सांगा.

सरदारीलाल मथरादास नंदा, जन्म १० ऑक्टोबर १९१५. कराची बंदराच्या अगदी तोंडाशी मनोरा नावाची जागा आहे, तिथं ते लहानाचे मोठे झाले. बंदरात शिरणारं प्रत्येक जहाज मनोऱ्यासमोरूनच आत जातं. आपल्याकडच्या पोराला पोळ्याच्या दिवशी कोणाची जोडी कोणत्या बोळातून तोरणाखाली येणार हे न सांगता ठाऊक असतं. तसं त्या पोराला जहाजं कुठून वळतात, खोल पाणी कुठं आहे, तेलाच्या टाक्या कुठं आहेत हे ठाऊक झालं. शिकवायला कोणी बसलं नव्हतं.

१९४१ साली, पंचविशी ओलांडल्यावर, ते त्या वेळच्या रॉयल इंडियन नेव्हीच्या स्वयंसेवक राखीव दलात दाखल झाले. हे पोट्ट्यांना मुद्दाम सांगणार आहे. शाळेतून थेट कॅडेट होऊन गेलेली मंडळी वेगळी, नंदा त्यांच्यातले नव्हते. महायुद्ध सुरू होतं, माणसं लागत होती, अशा वेळी मागच्या दारानं आत आलेला हा माणूस पुढं नौदलप्रमुख झाला.

१९४७ ला फाळणी झाली आणि मनोरा सीमेपलीकडं गेला. ज्या बंदरात बालपण गेलं ते आता परक्या देशाचं मुख्य नाविक ठाणं झालं होतं.

२९ ऑगस्ट १९५७ ला 'म्हैसूर' ही क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, आपल्या नौदलात आली. मूळचं ब्रिटिश जहाज, नाव 'नायजेरिया'. तिचे पहिले कप्तान नंदा.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. यानंतर हा माणूस गोदीत गेला. मुंबईच्या नौदल गोदीच्या विस्ताराचं काम त्यांनी पाहिलं, आणि पुढं मुंबईतल्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्याचे ते व्यवस्थापकीय संचालक होते. म्हणजे ऐन उमेदीची कितीतरी वर्षं धक्के, क्रेन, सुकी गोदी, सुटे भाग, कामगार आणि हिशेब यांत गेली. चरित्र सांगताना लोक ही वर्षं एका ओळीत संपवतात. मला वाटतं, १९७१ च्या युद्धातली कराचीवरच्या हल्ल्याची रात्र याच वर्षांनी जिंकून दिली. जहाज किती दिवस दमानं चालेल, काय मोडेल, काय दुरुस्त होईल, हे ज्याला आतून ठाऊक, तोच अंगावर जोखीम घेऊ शकतो.

पुढं ते आरमाराच्या ताफ्याचे प्रमुख झाले, मग मुंबईच्या पश्चिम कमांडचे, आणि १९७० ते १९७३ नौदलप्रमुख. कराचीवरच्या हल्ल्याचं इथं बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हणून आत्ता थांबतो.

---

धामणगाव रेल्वे | २ डिसेंबर, रात्री १०.२५

सर, उपक्रम फार चांगला. पण एक विचारतो, राग मानू नका. आपल्या मराठी पोरांना मराठी माणूस का नाही सांगत? भास्कर सदाशिव सोमन १९६२ ते १९६६ नौदलप्रमुख होते. जयंत नाडकर्णी १९८७ ते १९९० होते, मालदीवच्या १९८८ च्या मोहिमेच्या वेळी नौदलाची सूत्रं त्यांच्याकडं होती. पोरांना वाटायला हवं की आपल्या भाषेतला माणूस तिथं पोचला.

---

हर्णैकर | २ डिसेंबर, रात्री ११.०५

धामणगाव, सोमनांचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण त्यांच्याशिवाय नंदा समजत नाहीत.

१९६५ च्या लढाईत सोमन प्रमुख होते. सरकारनं नौदलाला हद्द आखून दिली होती. मुंबईपासून दोनशे मैलांच्या पलीकडं जायचं नाही आणि पोरबंदरच्या रेषेच्या उत्तरेला कारवाई करायची नाही. त्यात आपलं विमानवाहू जहाज 'विक्रांत' दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजं आली आणि द्वारकेवर तोफा डागून निघून गेली. नुकसान मोठं नव्हतं, पण नौदलातल्या माणसांच्या मनाला ते फार लागलं. सोमनांनी पंतप्रधानांपर्यंत जाऊन ही हद्द उठवा म्हणून सांगितलं, परवानगी मिळाली नाही.

माझे आजोबा तेव्हा मालवाहू गलबतावर होते. द्वारकेचा विषय निघाला की ते जेवता जेवता थांबायचे. मी लहान होतो, मला वाटायचं घास लागला.

नंदांनी हे सगळं आतून पाहिलं होतं. म्हणून १९७१ च्या ऑक्टोबरात ते इंदिरा गांधींना भेटले तेव्हा त्यांनी योजना नंतर काढली, आधी विचारलं, नौदलानं कराचीवर हल्ला केला तर सरकारची राजकीय अडचण होईल का? इंदिराबाईंनी विचारलं, असं का विचारता? नंदांनी ६५ च्या हद्दीची आठवण दिली. इंदिराबाई थोडं थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, की युद्ध झालं तर ते युद्धच असेल. नंदांना उत्तर मिळालं.

माझ्या मते त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात मोठं काम तो प्रश्न. विचारला नसता तर आयत्या वेळी पुन्हा कोणीतरी पोरबंदरची रेषा आखली असती.

---

पऱ्हाटीवाला | ३ डिसेंबर, सकाळी ६.१०

हर्णैकर, आजोबांची आठवण वाचून गलबललं. ही गोष्ट पोट्ट्यांना नक्की सांगतो.

धामणगाव भाऊ, राग कसला. सोमनांचं सांगणारच. पण नंदा निवडले ते मुद्दाम. आमच्या पोरांपुढं जात, भाषा, जिल्हा हे सगळं रोजचंच आहे. यात ज्याच्याशी त्यांचं काहीच जुळत नाही असा माणूस त्यांना आपला वाटावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आणि उशिरा सुरुवात केलेला माणूस आहे तो. एकविसाव्या वर्षी "सर, माझं वय निघून गेलं" म्हणून रडलेला पोरगा मी पाहिलाय. त्याला मी काय सांगायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

---

बॉयलररूम | ३ डिसेंबर, दुपारी १.३०

पऱ्हाटीवाले सर, राम राम. मी सेलू तालुक्यातला. पंधरा वर्षं नेव्हीत काढली, सगळी बॉयलर रूमात आन् इंजिन रूमात. आमाले स्टोकर म्हणत, म्हणजे बॉयलर सांभाळणारे. तुमी गोदीचं लिवलं म्हणून लिवतो, नाईतर मी इथं फक्त वाचतो.

मी ज्या फ्रिगेटवर, म्हणजे मधल्या आकाराच्या लढाऊ जहाजावर होतो ते लियँडर जातीचं, माझगाव डॉकमधी बनलेलं. त्या जातीचं आपल्याकडचं पयलं जहाज 'नीलगिरी', ते ३ जून १९७२ ले नौदलात आलं. तवा नंदा साहेब नौदलप्रमुख होते. ज्या डॉकचा कारभार त्याईनं पाह्यला, तिथलं जहाज त्याईच्याच राज्यात पाण्यात उभं रायलं. हे मले नोकरीत असताना कोणी सांगतलं नाई, मागाहून समजलं. आपण ज्या लोखंडावर झोपलो त्याच्यामागं हा माणूस होता, हे समजल्यावर लय बरं वाटलं.

आता बॉयलरचं सांगतो. बॉयलरातून जे सुपरहीट स्टीम निघते ते डोळ्याले दिसत नाई. पांढरी वाफ दिसते ते थंड झालेली. पायपाले बारीक भेग पडली तर शिट्टीसारखा आवाज येते, पण कुठून येते ते समजत नाई. हात घातला तर हात गेला. मंग लाकडी दांड्याचा झाडू घ्याचा आन् पायपाच्या कडंकडंनं हळूहळू फिरवाचा. जिथं दांडा चरकन कापल्या जाते तिथं गळती. पयल्यांदा माह्या हातात तो झाडू देल्ला तवा मी एकोणीस वर्षाचा होतो. हात कापत होते. आमचा चीफ मांगं उभा राहून म्हणे, घाई नको करू, दांड्याले पुढं जाऊ दे, तू मांगं राय.

हे कायले सांगतो, तर १९७१ मधी 'विक्रांत'च्या चारपैकी एका बॉयलराले भेगा होत्या. पूर्ण वेगानं जहाज पळू शकत नव्हतं. विमानवाहू जहाजाले वेग पाह्यजे, त्याच्याबिगर विमानं उडवणं कठीण. ६५ मधी विक्रांत गोदीत अडकली होती, ७१ मधी बी अडकली असती. पण नंदा साहेबानं ठरवलं की तीन बॉयलरावर चालवाचं, वेग कमी ठेवाचा, आन् तिले बंगालच्या उपसागरात पाठवलं. ४ डिसेंबरपासून तिच्या विमानायनं कॉक्स बाजार, चितगाव झोडपलं.

मी बॉयलर रूमातला माणूस हाय. भेगा पडलेल्या बॉयलरासंगं जहाज लढाईले काढाचं म्हणजे काय, हे माह्या पोटाले समजते. खाली जे स्टोकर होते त्याईच्या जिवाचा हिशोब करून दिलेला तो हुकूम होता. ज्यानं कधी गोदी पाह्यली नाई, त्याच्याच्यानं असा हुकूम देणं झालं नसतं.

---

मीनल दारव्हा | ३ डिसेंबर, दुपारी ३.१५

काका, तुम्ही लिहीत राहा. झाडूचं वाचून अंगावर काटा आला.

माझा धाकटा भाऊ सध्या ओडिशात चिल्काला ट्रेनिंगला आहे. आईला अजून वाटतं तो मुंबईला आहे, कारण तिच्या लेखी समुद्र म्हणजे मुंबई. मी सांगितलं, आई, तो पूर्वेच्या समुद्राकडं आहे. तर ती म्हणाली, समुद्राले दोन बाजू असतात का? मग तिला पाचवीच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा दाखवला. आता ती नकाशा चुलीमागच्या खिडकीत ठेवून आहे.

एक गोष्ट मला नागपूरच्या कॉलेजात कळली आणि तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते. आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्याला समुद्र होता. १७५१ मध्ये कटक प्रांत त्यांच्याकडं आला आणि १८०३ च्या देवगावच्या तहात गेला. पन्नास वर्षं नागपूरचा अंमल बंगालच्या उपसागरापर्यंत होता. भाऊ आज जिथं परेड करतो तो मुलूख कधीकाळी आपल्याच राज्यात होता. त्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो गप्प बसला, मग म्हणाला, ताई, हे आधी सांगायचं असतं न.

पऱ्हाटीवाले दादा, एक विनंती. पोट्टे पोट्टे लिहिताय, मुलींनाही बोलवा. आता मुलीही नौदलात अग्निवीर होतात, लष्करी अधिकारी घडवणाऱ्या एनडीएचं दारही त्यांना उघडलंय.

---

पऱ्हाटीवाला | ३ डिसेंबर, सायंकाळी ५.५०

मीनलताई, बरोबर बोललात. आत्ताच तीन घरी जाऊन आलो. दोघी येतील, तिसरीच्या घरी वेचाईला माणूस नाही.

बॉयलररूम काका, तुमच्यामुळं माझं अर्धवट कळलेलं पूर्ण झालं. मी 'गोदी' हा शब्द लिहिला होता, तुम्ही त्यात माणसं घातली.

आता कराचीचं, कारण तिथंही गोदीतल्या माणसाचं डोकं दिसतं. रशियाकडून घेतलेल्या क्षेपणास्त्र बोटी लहान होत्या, सुमारे दोनशे टनांच्या. किनाऱ्याचं रक्षण करायला बनवलेल्या, पल्ला कमी. एकेका बोटीवर चार क्षेपणास्त्रं, मारा साधारण चाळीस किलोमीटर. आपली माणसं व्लादिवोस्तोकला जाऊन, रशियन भाषा शिकून, त्या चालवायला शिकली. बोटी आल्या तेव्हा एवढं वजन उचलणारी क्रेन कलकत्त्यालाच होती. म्हणून तिथं उतरवल्या आणि सगळ्या किनाऱ्याला वळसा घालून मोठ्या जहाजांमागं ओढत मुंबईला आणल्या.

आपल्या भाषेत सांगायचं तर टोचन करून. ट्रॅक्टर बंद पडला की दुसऱ्याला दोर बांधून नेतो तसं. टोचन करून कलकत्त्याहून मुंबईला येऊ शकतात, तर मुंबईहून कराचीच्या दारापर्यंत का नाही? बचावासाठी आणलेली वस्तू हल्ल्याला वापरायची कल्पना तिथून बळावली. ४ डिसेंबरला 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' निघाल्या. सोबत 'किल्तान' आणि 'कच्छल' ही मोठी जहाजं. मोहिमेचं नाव ट्रायडेंट, बोटींचे नेते बब्रुभान यादव, त्यांना पुढं महावीर चक्र मिळालं. त्या रात्री 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिज' हे सुरुंगशोधक जहाज बुडालं. आपला एकही माणूस गेला नाही. ८ डिसेंबरच्या रात्री खवळलेल्या समुद्रात 'विनाश' या एकट्या क्षेपणास्त्र बोटीनं पुन्हा मारा केला, सोबतीला 'तलवार' आणि 'त्रिशूल'. कराची बंदरातल्या किमारीच्या तेलटाक्या पेटल्या.

---

धामणगाव रेल्वे | ३ डिसेंबर, रात्री ८.२०

दोन गोष्टी जोडतो. तेलटाक्यांवर आपल्या हवाई दलानंही हल्ले केले होते, त्यांचं श्रेय त्यांना द्या. आणि मुंबईत पश्चिम कमांड सांभाळणारे व्हाइस अ‍ॅडमिरल कोहली, ताफ्याचे कुरुविला, ही नावंही घ्या. दिल्लीत बसलेल्या माणसानं बोट चालवली नव्हती.

नंदांबद्दल माझं मत मात्र तुम्ही लोकांनी बदललं. सोमनांना जे करू दिलं नाही ते नंदांनी करून दाखवलं, असं मी आता बघतो. दोघांचं एकत्र सांगा.

---

हर्णैकर | ३ डिसेंबर, रात्री ९.००

'खुकरी' सांगणार आहात का?

९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ. पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात गेलेली आपली युद्धनौका 'खुकरी' त्याच पाणबुडीनं, 'हंगोर'नं, बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. कराची पेटल्याला चोवीस तासही झाले नव्हते. नौदलप्रमुखाच्या टेबलावर एका दिवशी तो कागद आणि दुसऱ्या दिवशी हा. मुलं लहान आहेत म्हणून हे गाळू नका, एवढंच म्हणणं.

---

बॉयलररूम | ३ डिसेंबर, रात्री ९.३५

गाळू नका सर. पोट्टे फॉर्म भरून रायले, त्याईले समजलं पाह्यजे. १७६ मधी खालच्या मजल्यावरचे किती असतील ते मी मनात मोजून रायलो.

---

पऱ्हाटीवाला | ४ डिसेंबर, सकाळी ९.१५

आत्ताच आलो. जसं झालं तसं लिहितो.

अभ्यासिकेत न बसता शाळेच्या मैदानावरच घेतलं. धावण्याच्या पट्ट्या आखायला फक्कीची पिशवी होतीच. पहाटेच्या अंधारात, दोन मोबाइलच्या उजेडात, फक्कीनं किनारा आखला. घसरगुंडीपाशी कराची, पाण्याच्या टाकीकडं मुंबई. मनोऱ्याच्या जागी एकीनं आपली चप्पल ठेवली. एक पाऊल म्हणजे दहा सागरी मैल.

मग सांगितलं, बोटी दिवसा कराचीपासून अडीचशे मैलांवर थांबल्या, विमानांच्या टप्प्याबाहेर. पंचवीस पावलं मोजून तिघं तिथं उभे राहिले. क्षेपणास्त्राचा मारा किती? हिशेब केला, दोन पावलं. दोन पावलं! सगळे त्या दोन पावलांकडं बघत राहिले. तिथपर्यंत जायचं म्हणजे काय, हे मला तोंडानं सांगावंच लागलं नाही.

वेग तासाला तीस मैल धरला. एका मुलीनं लगेच भागाकार केला. "सर, आठ तासांच्या वर लागते. जाऊन-येऊन सोळा-सतरा. रात्र तेरा तासांची. मग उजाडल्यावर सापडले असते न?"

हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. मग आम्ही सगळ्यांनी बसून जुळवलं. पाकिस्तानी विमानांना रात्री जहाजावर हल्ला करता येत नव्हता, म्हणून भीती दिवसाचीच. मारा झाला रात्री पावणेअकराच्या सुमारास सुरू. म्हणजे निघणं उजेड असतानाच, आणि उजाडायच्या आत परतीची सात-साडेसात तास धाव. साडेसात गुणिले तीस, सव्वादोनशे. ती पावलं मोजत गेली, बावीस आणि अर्धं. तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "जमते."

खुकरीचं शेवटी सांगितलं. आकडे सांगितले. कोणी काही विचारलं नाही. ज्याचं वय निघून गेलं होतं तो पोरगाही आला होता, फॉर्म नाही तरी. जाताना त्यानं विचारलं, माझगाव डॉकमध्ये फिटर, वेल्डर घेतात का? त्याचं आयटीआय झालेलं आहे. म्हटलं, जाहिराती निघतात, आपण मिळून बघू.

बॉयलररूम काका, तुमच्या झाडूची गोष्ट सांगितली. सगळे म्हणाले, त्यांना बोलवा.

---

बॉयलररूम | ४ डिसेंबर, सकाळी ११.००

रविवारी येतो. सेलूवरून सकाळची एसटी हाय, साडेनऊपर्यंत पोचतो. त्या पोरीले मुद्दाम बसवून ठेवा. आन् एक लाकडी दांड्याचा झाडू असू द्या, कसा धराचा ते दाखवतो.